टेरिकॉटचा सूट

कापड मला कळत नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. तीस वर्षं मी बायकांचे ब्लाउज शिवते आहे. दुकानदार ज्याला शुद्ध सुती म्हणून गळ्यात मारतो, त्यात किती नायलॉन आहे ते मी दोन बोटांत चुरगळून सांगते. तेव्हा नवऱ्याला पुरायच्या दिवशी देवळाच्या ऑफिसातल्या माणसाने "सूट कॉटनचा आहे ना?" असं विचारलं आणि मी "हो" म्हणाले, ते काही अजाणतेपणी नव्हे. मी चांगलं माहीत असून खोटं बोलले आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर सहीसुद्धा केली.

देऊळ म्हणजे चर्च. अंधेरी पूर्वेला आमच्या गावठाणात जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. मी घाटकोपरची, मूळची कोकणातली, वडील गिरणी कामगार. आमच्या घरी देऊळ म्हणजे गणपतीचं. साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणाऱ्या ख्रिस्ती मुलाशी लग्न करते आहे, असं सांगितल्यावर मोठ्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलं, ते नऊ वर्षं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. लग्नाआधी माझा बाप्तिस्मा झाला. प्रार्थना मी पाढ्यांसारख्या पाठ केल्या. देवळात सगळे उभे राहिले की मी उभी राहायची, सगळ्यांनी गुडघे टेकले की टेकायची, आणि दर वेळी जरा उशीर व्हायचा. माझा विश्वास आहे का, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, माझा नवऱ्यावर आहे, त्याचा देवावर आहे, एका घराला तेवढा पुरे.

मूल झालं नाही. त्याबद्दल दोघांनी एकदा मनसोक्त रडून घेतलं आणि मग तो विषय काढला नाही. घरात आम्ही दोघं आणि सासू. तिला सगळे माई म्हणत, मीही म्हणायची. माई मला घालूनपाडून बोलत नसे, पण जवळही घेत नसे. वीस वर्षांनंतरही ती शेजारणींना माझी ओळख "घाटकोपरची" अशी करून द्यायची. मी मनातल्या मनात चरफडायची आणि रात्रीची भाकरी जरा जाड थापायची.

एका शुक्रवारी दुपारी नवरा वर्कशॉपमध्ये यंत्र बंद करून स्टुलावर बसला, पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत गेला. हृदय. बावन्न वर्षांचा होता. सकाळी डब्यात भेंडी दिली म्हणून माझ्यावर रुसून गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला तयार करायची वेळ आली. त्याचा चुलतभाऊ देवळात जाऊन आला होता. त्याने सांगितलं, पांढरा सुती सदरा घाला, सुती पायजमा, बाकी काही नको. बूट नको, टेरिकॉट-बिरिकॉट नको. कारण त्याने सांगितलं नाही. त्यांच्यात ते लहान पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे मलाही ठाऊक असेल असं त्याने धरलं. पण मला कुणी कधी काही सांगितलंच नव्हतं. माझ्या माहेरी माणूस जाळतात, तिसऱ्या दिवशी पुरुषमाणसं जाऊन अस्थी आणतात, बाईला त्यातलं काही बघावं लागत नाही. मला वाटलं, हा कंजूषपणा चाललाय. किंवा त्याहून वाईट, घाटकोपरच्या बाईचा नवरा म्हणून त्याला सदऱ्या-पायजम्यावर काढताहेत. माझं डोकं सणकलं.

नवऱ्याचा एकच सूट होता. लग्नातला, राखाडी, टेरिकॉटचा, मालाडच्या एका शिंप्याने शिवलेला. नाताळला, बाप्तिस्म्यांना, लग्नांना तो तोच घालायचा. त्याची कंबर मी तीनदा सैल करून दिली होती. कोटाची बटणं पुन्हा पुन्हा सुटायची म्हणून शेवटी मी ती नायलॉनच्या दोऱ्याने लावली आणि म्हटलं, आता तू राहणार नाहीस पण बटण राहील. तो हसला होता. बायका अशा गोष्टी बोलतात आणि मग त्या जन्मभर कानात राहतात.

तो सूट मी कपाटातून काढला, खोलीचं दार लावलं आणि त्याला घातला. बटणं मी लावली. चुलतभावाने बघितलं, पण नव्या विधवेशी वाद कोण घालणार? ऑफिसातल्या माणसाला मी "कॉटनचाच आहे" म्हणून सांगितलं. मिट्टी झाली. आमच्याकडे पुरण्याला तोच शब्द आहे, कानाला कोरडा वाटतो, पण खरा आहे. पेटी बंद करण्याआधी माईने वाकून मुलाच्या बाहीवरून हात फिरवला आणि कपाळावर क्रूस काढला. मी रडले नाही. मी सगळ्यांवर रागावले होते, सगळ्यात जास्त देवावर.

सदऱ्याचं कारण मला कळलं ते वर्षभराने. शेजारची एक म्हातारी वारली, तिच्या मिट्टीहून परत आल्यावर बायका चहा पीत बसल्या होत्या. मुंबईत जिवंत माणसाला जागा नाही, मेलेल्याला कुठली? कबर तेवढ्यापुरती मिळते. अडीच-तीन वर्षं झाली की देवळातून चिठ्ठी येते, घरच्यांनी हजर राहायचं, कबर उघडतात, हाडं काढून धुतात आणि कबरस्तानाच्या भिंतीत घरचा कोनाडा असेल तर त्यात ठेवतात. कुणी आलं नाही तर कोपऱ्यात जुनी विहीर आहे, तोंडावर लोखंडी झाकण असलेली, तिच्यात सगळ्यांबरोबर टाकतात. एवढं तोवर मला त्रोटक ठाऊक झालं होतं. पण मग एकजण म्हणाली, तिच्या नणंदेला नायलॉनची साडी नेसवली होती, कबर उघडली तर साडी जशीच्या तशी, आतल्या देहाला माती लागलीच नव्हती, पुन्हा झाकून एक वर्ष थांबावं लागलं. बाकीच्या बायकांनी क्रूस काढला. मी हातातला कप खाली ठेवला.

त्या दिवसापासून दोन वर्षं मी ती चिठ्ठी यायची वाट बघत होते. कुणी टेरिकॉट शिवायला आणलं तर मी ते परत पाठवायची. मी त्याला काय करून ठेवलं होतं? मातीत घालून मातीपासून तोडलं होतं. देवाशी बोलणं मी कधीच सोडलं होतं, आणि आता तर काय तोंडाने बोलणार होते?

चिठ्ठी आली तेव्हा माई अंथरुणाला खिळून सहा महिने झाले होते. मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. चिठ्ठी मी वाचून दाखवली. तिचा चेहरा खुलला, हे लिहायला विचित्र वाटतं, पण खुलला. म्हणाली, आता तो बापाशेजारी जाईल. भिंतीतल्या कोनाड्यात माझे सासरे एकटेच होते. माईची एवढीच इच्छा उरली होती, डोळे मिटायच्या आत मुलगा बापाशेजारी गेल्याचं कानावर यावं. डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून सांगितलं होतं की फार दिवस नाहीत. म्हणजे सूट बघून कबर पुन्हा झाकली आणि वर्षभर थांबायला सांगितलं, तर माझ्या एका खोट्यापायी ती म्हातारी तशीच जाणार होती.

चुलतभाऊ म्हणाला, तुम्ही येऊ नका वहिनी, बायका नाही येत, मी करतो सगळं. तो भला माणूस आहे. पण तो गेला असता तर सूट त्याने बघितला असता, आणि संध्याकाळपर्यंत गावठाणभर झालं असतं. मी म्हटलं, मीच जाणार, आणि तुम्ही नका येऊ. त्याला वाईट वाटलं असणार.

मग घाबरून मी भावाला फोन केला. तोवर आमचं बोलणं सुरू झालं होतं, सणासुदीपुरतं. मी त्याला सगळं सांगितलं, सुटाचंसुद्धा, आणि विचारलं, नुसता फाटकापर्यंत येशील का? तो म्हणाला, "आमच्यात असला काय करनत नाय गो. गेलेल्या माणसाक परत कशाक बघूचा? माका जमाचा नाय." मी फोन ठेवला. रागही आला नाही. त्याच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी माईला पेज भरवत होते. पेज तिच्या हनुवटीवर सांडली. तिने माझं मनगट धरलं आणि विचारलं, भीती वाटते का? मी हो म्हटलं. कशाची, ते सांगितलं नाही. तिला वाटलं, हाडांची. ती म्हणाली, "त्या बायका गेल्याच ना भल्या पहाटे? कबरीवरचा धोंडा कोन सरकवील, ते त्यांना तरी कुठं ठाव होतं? वाटेनं तेच बोलत गेल्या, पन गेल्या. बाप्ये सगळे घरात दडून बसलेले. तू जा गो."

येशूच्या कबरीवर गेलेल्या बायकांची ही गोष्ट मी ईस्टरला निदान वीस वेळा ऐकली होती आणि दर वेळी माझ्या डोक्यात घरी जाऊन मटण टाकायचं असायचं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझं तिच्याकडे लक्ष गेलं. त्या बायकांकडे काही योजना नव्हती. धोंडा सरकणार नाही हे जवळजवळ नक्की होतं. तरी त्या देहाला लावायचं सुगंधी सामान घेऊन निघाल्या, कारण आपल्या माणसासाठी करायचं एक काम उरलं होतं. पण मला लगेच दुसरंही सुचलं, मी तशीच आहे. त्यांना कबर रिकामी मिळाली, तो उठून गेला होता. मला भरलेली मिळणार होती, तीही सुटासकट.

सुती कापड आणा, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. मी मांजरपाट आणलं, धुऊन खळ काढली आणि उशीच्या अभ्र्याएवढी पिशवी शिवली. शिवताना पहिल्यांदा मी त्याला गेलेला माणूस म्हणून नीट पाहिलं. सहा फुटांचा माणूस, आणि मी त्याच्यासाठी अभ्र्याएवढी पिशवी शिवत होते.

सकाळी साडेआठला निघाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुना दगडी क्रूस आहे. मे महिन्यात बायका तिथे बसून माळेचे मणी ओढत रोजरी म्हणतात. आता त्याच्या एका बाजूला रिक्षा लागतात आणि दुसऱ्या बाजूला झेरॉक्सचं दुकान आहे. मी तिथे थांबले. पाठ केलेलं काहीच आठवेना. मग मी माझ्या भाषेत बोलले, भांडताना बोलते तशी. म्हटलं, मी तुझ्या घरात खोटं बोलले, हे तुला माहीत आहे. त्याची शिक्षा मला दे, त्याला नको, म्हातारीला नको. आत काय असेल मला माहीत नाही आणि ते बघायची ताकद माझ्यात नाही. तूही एकदा मातीत उतरला होतास. तेव्हा आज माझ्याबरोबर उतर. तू येत असशील तर मी जाते.

एक रिक्षावाला म्हणाला, मावशी, बाजूला व्हा. माझे पाय देवळाकडे चालू लागले, आणि घराकडे वळले नाहीत. पंचवीस वर्षं मी उठ-बस करत आले होते, माझी पहिली खरी प्रार्थना ती. विश्वास म्हणजे छातीत काहीतरी भरून येत असेल, अशी माझी कल्पना होती. तसं काही झालं नाही. भीती होती तेवढीच होती, फक्त मी तिच्यासकट चालत होते.

कबर खणणारा माणूस पन्नाशीचा, बनियनवर, तोंडात सुपारी. त्याने माती आधीच वर काढली होती. पेटीचं झाकण कुजून खाली बसलं होतं, त्याचे तुकडे त्याने बाजूला लावले होते. मग तो फावडं ठेवून हाताने माती सारू लागला, आणि थांबला. मी काठावर उभी होते. मला वरून दिसलं.

कोट होता. मातीच्या रंगाचा झाला होता, पण होता. दोन्ही बाह्या, कॉलर, खिशावरची पट्टी. तीनही बटणं लावलेली. पँटची इस्त्रीची घडीसुद्धा कुठे कुठे कळत होती. तो माणूस तिथे झोपला असावा अशी ती जागा होती, फक्त कपडे खाली बसले होते.

कबर खणणाऱ्याने वर माझ्याकडे बघितलं. "बाई, हे सुती नाय."

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत होतं. मी खोटं बोलले होते."

भावाला फोनवर सांगितलं तेवढं सोडलं, तर तीन वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा कुणाच्या तोंडावर उच्चारलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने सुपारी थुंकली आणि शांतपणे सांगितलं की बरेच लोक असं करतात, आणि मग यायच्या दिवशी येत नाहीत. आत काय आहे ते कोट उघडल्यावरच कळेल. तयार नसेल तर माती परत लोटावी लागेल. तुम्ही जरा लांब जाऊन उभ्या राहा, बघवणार नाही.

मी म्हटलं, बटणं मी लावली होती, मीच काढीन. तो म्हणाला, बायका खाली उतरत नाहीत. मी म्हटलं, मग आज एक उतरेल. माझा आवाज चढला होता. देवाच्या दारात, नवऱ्याच्या कबरीवर उभी राहून मी त्या माणसाशी भांडत होते. त्याने मान हलवली आणि हात पुढे केला. मी चपला काठावर काढल्या, साडी खोचली आणि त्याचा हात धरून खाली उतरले. कमरेएवढंच खोल होतं. पण ते पाऊल खाली टाकताना पायाखाली काही लागेल की नाही, असं वाटलं. आयुष्यात कशाला घाबरले नसेन तेवढी मी त्या क्षणी घाबरले. मनात एकच चाललं होतं, ये, ये, ये.

गुडघे टेकले. या वेळी उशीर झाला नाही. पहिलं बटण धरलं. दोरा शाबूत होता, माझाच टाका, चार वेळा फिरवून गाठ मारलेला. बोटांना कामाची सवय असते, त्यांनी आपोआप बटण काजातून काढलं. दुसरं काढलं. तिसरं जरा अडलं. मग मी कोटाची एक बाजू उचलली.

सगळं स्वच्छ होतं. कोरडी, तपकिरी हाडं, जिथल्या तिथे. त्याचं डोकं मी ओळखलं नाही. दात ओळखला. पुढचा अर्धा तुटलेला, सोड्याची बाटली दाताने उघडायला गेला होता तेव्हाचा. त्या दातावरून मी त्याला वीस वर्षं चिडवलं होतं. तो दात बघून मी रडले. तीन वर्षांचं सगळं त्या खड्ड्यात रडले. कबर खणणारा माणूस तोंड फिरवून उभा राहिला.

नंतर तो म्हणाला, "झालंय सगळं. देवाची कृपा. एवढं पुरं मला कधी मिळत नाय, बाई. बोटांची बारीक हाडं मातीत जातात, सापडत नाहीत. ह्यांची बघा, बाहीतच हायत." त्याने बाही हलकेच झटकली आणि माझ्या ओंजळीत ती दिली. लेथवर काम करून जाड झालेली बोटं. आता तांदूळ निवडताना हातात खडे यावेत, एवढंच त्यांचं वजन होतं. मला समाधान वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मला फक्त तो हवा होता, रुसलेला का होईना.

हाडं धुतली, मांजरपाटाच्या पिशवीत भरली. फादर आले, त्यांनी प्रार्थना म्हटली. कोनाड्याची फरशी काढली तेव्हा आत सासऱ्यांची पिशवी होती, पिवळी पडलेली. तिच्या शेजारी मी नवऱ्याला ठेवलं. तिथल्या कारकुनाने सांगितलं की अजून एक पिशवी मावेल, चार नाही मावणार. मी हो म्हटलं. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

सूट पुन्हा जमिनीत घालता येत नाही. कबर खणणाऱ्याने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला. घरी येऊन मी तो तसाच पिशवीत बांधून मशीनखाली सरकवला. माई जागी होती. तिने विचारलं, गेला का बापाकडे? मी म्हटलं, गेला. तिने डोळे मिटले आणि बराच वेळ ओठ हलवत राहिली.

तिथेच थांबता आलं असतं. पण कबरीत एकदा खरं बोलल्यावर घरात खोटं ठेवणं मला जमेना. मी पिशवी सोडली, कोटाची बाही काढली आणि तिच्या हातात दिली. म्हटलं, माई, मी त्याला हा घातला होता. सुती नव्हता. मी सगळ्यांना फसवलं.

तिने बाहीवरून हात फिरवला, कोपरापासून मनगटापर्यंत, तसाच, पेटीपाशी फिरवला होता तसा.

"तवाच कळलं होतं मला," ती म्हणाली. "हाताला लागलं होतं. पन तू रडत नव्हतीस गो. न रडणाऱ्या बाईशी कोन भांडील? म्हटलं, तिचा नवरा हाय, तिला वाटतं तसा जाऊ दे. मी रोज देवाला सांगत होते, तू बघ काय ते."

म्हणजे दोन वर्षं आम्ही दोघी एकाच घरात, एकाच गोष्टीसाठी झुरत होतो, ती तिच्या प्रार्थनेत आणि मी मशीनवर. मी तिच्या छातीवर डोकं ठेवलं. तिने माझ्या केसांतली माती बोटांनी काढली. ती मला पहिल्यांदाच जवळ घेत होती.

मग तिने विचारलं, कोनाड्यात जागा किती उरली? मी सांगितलं, एकाची. ती म्हणाली, "ती तुझी. बायको नवऱ्याजवळ पाहिजे. मला विहिरीत सोडायला सांग. माझ्या ओळखीची तिथं ढीगभर हायत." मी नाही म्हणायला लागले, तर तिने दटावलं. "शेवटच्या दिवशी देव उठवील तवा विहिरीतलं कोन नि भिंतीतलं कोन, असं बघत बसंल काय तो?"

संध्याकाळी भावाचा फोन आला. कबरीबद्दल त्याने काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "जेवलंस?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, जेव मग.

माई चार महिन्यांनी गेली. सुती लुगडं तिने आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. चोळी मी शिवली, दोराही सुती घेतला, आणि बटणांऐवजी नाड्या लावल्या. ऑफिसातल्या माणसाने विचारलं, सगळं सुती ना? मी म्हटलं, चुरगळून बघा. त्याने बघितलं नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, त्याचं मला वाईट वाटलं.

तिला जाऊन आता अडीच वर्षं होत आली. चिठ्ठी कधीही येईल. या वेळी मला जावं की नको असा प्रश्न नाही, कबर खणणारा ओळखीचा आहे आणि चपला कुठे काढायच्या ते मला माहीत आहे. प्रश्न होता तो त्या एका जागेचा. घरात आता मी एकटी. संध्याकाळी मशीन बंद केल्यावर त्या जागेचा फार मोह होतो. वाटतं, माईने दिली आहे, घ्यावी. बावीस वर्षांत त्याच्याशेजारी झोपायची इतकी सवय झाली आहे की अजूनही मी पलंगाच्या एकाच कडेला झोपते.

गेल्या रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, संपल्यावर मी ऑफिसात गेले आणि कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. सासूबाईंची हाडं कोनाड्यात, मुलाशेजारी आणि नवऱ्याशेजारी. माझी विहिरीत. त्याने दोनदा विचारलं. म्हणाला, बाई, विचार करा, तिथे कोण कोण आहे तेही माहीत नसतं. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, तरी डोळे भरले. मी म्हटलं, लिहा.

परत येताना कबरस्तानातून आले. विहिरीच्या झाकणावर कुणीतरी झेंडूची फुलं ठेवली होती, सुकलेली. मी तिथे थोडी उभी राहिले. आत कोण कोण आहे, मला खरंच माहीत नाही. सत्ताविसाव्या वर्षी एक पत्र्याची ट्रंक घेऊन या गावठाणात उतरले, तेव्हाही एक नवरा सोडला तर मी कुणाला ओळखत नव्हते.